आत्यंतिक दारिद्र्य : मानवी हक्कांचा प्रश्न (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश : दारिद्र्य हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत प्रामुख्याने अर्थशास्त्राच्या अंगाने शिकविला जातो. प्रस्तुत लेखात आत्यंतिक दारिद्र्याचा विचार मानवी हक्कांच्या दृष्टिकोनातून केला असून, या दृष्टिकोनामुळे व्यवहारात नेमका कोणता फरक पडतो हे यवतमाळ जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. अतिदरिद्री माणसाजवळ पैसा नसतो, त्याचप्रमाणे आपले दारिद्र्य सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावाही नसतो. म्हणून हा पुराव्याचा भार कोणी उचलावयाचा, हाच दया आणि हक्क यांतील भेद ठरविणारा प्रश्न होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : आत्यंतिक दारिद्र्य, मानवी हक्क, पात्रता, उत्तरदायित्व, कोलाम, वनहक्क, यवतमाळ.

१. प्रस्तावना

दारिद्र्य मोजण्याची भारतातील परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास आजही या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. प्रतिदिनी २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च येतो, यावरून त्यांनी दारिद्र्याची रेषा ठरविली. पुढे विविध समित्यांनी रेषा वर-खाली केली. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये आत्यंतिक दारिद्र्याची रेषा प्रतिदिनी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. निती आयोगाने बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांचे १२ निर्देशक घेतले आणि २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील बहुआयामी दरिद्री लोकांचे प्रमाण २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ टक्क्यांवर आल्याचे २०२३ च्या अहवालात नोंदविले.

या मोजमापाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु मोजमाप दरिद्री किती आहेत हे सांगते, त्यांच्या दारिद्र्याबद्दल उत्तर देण्यास कोण बांधील आहे हे सांगत नाही. मानवी हक्कांचा विचार नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो.

२. आत्यंतिक दारिद्र्य म्हणजे काय?

साधे दारिद्र्य आणि आत्यंतिक दारिद्र्य यांत केवळ रकमेचा फरक नाही. फ्रान्समध्ये अतिदरिद्री कुटुंबांसोबत आयुष्य घालविणारे फादर जोसेफ रेझिन्स्की यांनी १९८७ साली फ्रान्सच्या आर्थिक व सामाजिक परिषदेला सादर केलेल्या अहवालात हा फरक प्रथम नेमकेपणाने मांडला. अन्न, निवारा, शिक्षण, आरोग्य, काम यांपैकी एखादी सुरक्षितता हरपली तर माणूस ती पुन्हा मिळवू शकतो. परंतु अनेक असुरक्षितता एकाच वेळी दीर्घकाळ एकत्र आल्या की, आपले हक्क परत मिळविण्याची शक्तीच माणसाजवळ उरत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढील दस्तऐवजांनी हाच विचार स्वीकारून उत्पन्नाचे दारिद्र्य, मानवी विकासाचे दारिद्र्य आणि सामाजिक बहिष्करण या तिहींचा संयोग म्हणजे आत्यंतिक दारिद्र्य, अशी व्याख्या केली. यांतील तिसरा घटक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. गावातील शेवटच्या घरातील माणूस ग्रामसभेत बोलत नाही, तहसील कार्यालयात खिडकीजवळ जाण्यास कचरतो आणि त्याचे नाव यादीत नसले तरी ते का नाही असे विचारीत नाही. हे त्याचे न विचारणे हाही दारिद्र्याचाच भाग आहे. म्हणून जी व्यवस्था मागणाऱ्यालाच देते, ती सर्वांत दरिद्री माणसापर्यंत स्वभावतःच पोहोचत नाही.

३. आंतरराष्ट्रीय कायद्यातील स्थान

मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या (१९४८) २५ व्या कलमाने अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय सेवा यांसह पुरेशा जीवनमानाचा हक्क मान्य केला. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने (१९६६) त्यास कायदेशीर बंधनाचे रूप दिले. भारताने १० एप्रिल १९७९ रोजी हा करारनामा स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार उपलब्ध साधनांचा कमाल वापर करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करणे राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. या करारनाम्याच्या समितीने १९९० साली स्पष्ट केले की, टप्प्याटप्प्याची सवलत असली तरी प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो आणि तो तत्काळ पुरविणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

१९९३ च्या व्हिएन्ना जाहीरनाम्याने आत्यंतिक दारिद्र्य व सामाजिक बहिष्करण ही मानवी प्रतिष्ठेची पायमल्ली असल्याचे म्हटले. त्याआधीच १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून घोषित केला होता. १९९८ पासून या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञाची नेमणूक होऊ लागली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मानवी हक्क परिषदेने आत्यंतिक दारिद्र्य व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली.

या विचारात राज्यसंस्थेची तीन कर्तव्ये मानली जातात. पहिले, हक्कांचा आदर करणे, म्हणजे राज्याने स्वतः ते हिरावून घेऊ नयेत. दुसरे, हक्कांचे संरक्षण करणे, म्हणजे इतरांना ते हिरावू न देणे. तिसरे, हक्कांची परिपूर्ती करणे, म्हणजे जेथे माणूस स्वबळावर गरज भागवू शकत नाही तेथे ती भागविणे. या लेखात यवतमाळ जिल्ह्याची तपासणी याच तीन कसोट्यांवर पुढे केली आहे.

४. भारतीय संविधान व न्यायालये

भारतीय संविधानात उपजीविकेची साधने (कलम ३९), कामाचा हक्क व सार्वजनिक साहाय्य (कलम ४१), दुर्बल घटकांचे हितसंवर्धन (कलम ४६) आणि पोषणमान उंचावणे (कलम ४७) या गोष्टी राज्यधोरणाच्या निदेशक तत्त्वांत आहेत. त्या न्यायालयामार्फत थेट अमलात आणता येत नाहीत. राजकीय समतेबरोबर सामाजिक व आर्थिक विषमता दीर्घकाळ चालू राहिली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

सर्वोच्च न्यायालयाने ही दरी कलम २१ च्या व्यापक अर्थाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात (१९८१) जगण्याचा हक्क म्हणजे मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविण्यात आला. तथापि, याच निकालाने पदपथावरील झोपड्या हटविण्यास अखेरीस परवानगी दिली, हेही विसरता येत नाही. तत्त्व मान्य होणे आणि माणसाचे छप्पर वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या दृष्टीने अन्नाच्या हक्काविषयीचा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजचा खटला अधिक फलदायी ठरला. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने आठ अन्नविषयक योजनांचे रूपांतर कायदेशीर हक्कांत केले. २ मे २००३ च्या आदेशाने तर आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय योजनेची शिधापत्रिका देण्याचे निर्देश दिले. या दुसऱ्या आदेशाचा यवतमाळशी थेट संबंध आहे.

५. यवतमाळ जिल्हा : पार्श्वभूमी

विदर्भातील यवतमाळ हा १६ तालुक्यांचा जिल्हा होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के आहे. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक आहे. असे असूनही २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या मागास क्षेत्र अनुदान निधीच्या २५० जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश करावा लागला.

महाराष्ट्रातील कातकरी, माडिया गोंड व कोलाम या तीन जमाती पूर्वी आदिम जमाती व २००६ पासून विशेषतः असुरक्षित आदिवासी समूह म्हणून ओळखल्या जातात. त्यांपैकी कोलाम समाजाची मोठी वस्ती या जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत आहे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोड बहुधा मुख्य गावापासून दूर, डोंगराच्या वा जंगलाच्या कडेला असतो. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असल्याने मराठी अर्ज, मराठी दाखला व मराठी कार्यालय ही सर्वच त्यांच्यासाठी परकी ठरतात. पांढरकवडा व पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानातही कोलाम समाजाचा समावेश आहे. योजनांची वाण नाही. प्रश्न आहे तो योजना आणि माणूस यांच्यामधील अंतराचा.

६. 'पात्र' आणि 'अपात्र' : शब्दांमागील दृष्टी

यवतमाळचे नाव देशभर पोहोचले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. ही घटना महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासाचा आरंभ मानली जाते.

डिसेंबर २००५ व जानेवारी २००६ मधील शासन निर्णयांनुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास एक लाख रुपये मदत देण्याची पद्धत रूढ झाली. त्यांपैकी ३० हजार रुपये रोख आणि ७० हजार रुपये ठेवीच्या रूपात देण्यात येत. मदत मिळण्यासाठी नापिकी, बँक, सहकारी संस्था वा मान्यताप्राप्त सावकार यांचे कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष ठेवण्यात आले. चौकशीनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविते.

या निकषांच्या कक्षेबाहेर कोण राहते ते पाहिले की, आत्यंतिक दारिद्र्याचे स्वरूप उलगडते. ज्याच्या नावे सातबारा नाही आणि जो दुसऱ्याचे शेत मक्त्याने वा बटईने करतो, त्याचे शेतकरी असणेच सिद्ध होत नाही. ज्याला बँकेने उभे केले नाही म्हणून त्याने परवाना नसलेल्या सावकाराकडून तोंडी व्यवहारावर पैसे घेतले, त्याचे कर्ज कागदावर नसते. शेतात आयुष्य राबलेल्या स्त्रीच्या नावावर जमीन क्वचितच असते. म्हणजे परिस्थिती जितकी बिकट, तितका पुरावा दुबळा. जो अधिक दरिद्री तोच 'अपात्र' होण्याचा संभव अधिक.

हाच दोष मोठ्या उपाययोजनांतही दिसतो. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात व्याजमाफी, कर्जाचे पुनर्गठन, सिंचन, बियाणे हे मुख्य भाग होते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली. कोरडवाहू विदर्भात दोन हेक्टरांहून थोडी अधिक, पण पावसावर अवलंबून असलेली शेती करणारा शेतकरी त्यामुळे वगळला गेला, ही टीका रास्तच होती. तथापि, भूमिहीन मजूर या दोन्ही उपायांच्या हिशेबात नव्हता, याची चर्चा फारशी झाली नाही.

शासकीय परिभाषेतील 'लाभार्थी', 'पात्र', 'सानुग्रह अनुदान' हे शब्द येथे अर्थपूर्ण ठरतात. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह. जे अनुग्रहाने दिले जाते ते न मिळाल्यास तक्रार करता येत नाही. 'लाभार्थी' या शब्दात घेणारा आहे, पण देण्यास बांधील असणारा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध त्याच्या नशिबाशी न जोडता शिक्षणाच्या अभावाशी व शासनव्यवस्थेशी जोडला होता. दैन्याबद्दल व्यवस्थेला जाब विचारण्याची ही परंपरा मराठीला नवी नाही.

७. आदर : जबरानजोत ते वनहक्क

जंगलालगतची जमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या आदिवासींच्या शेतीला विदर्भात जबरानजोत म्हणतात. या नावातच गुन्ह्याचा आरोप दडलेला आहे. वनखात्याच्या दप्तरी असा शेतकरी अतिक्रमक होता. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ याने मात्र या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या उद्देशिकेतच मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासींचा हक्क मान्य करण्याची तरतूद त्यात आहे. आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा सामूहिक हक्कही त्याने मान्य केला.

मात्र या कायद्याचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य त्याच्या पुराव्याविषयीच्या नियमांत आहे. गावातील दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी नोंदविलेले कथन, जुनी विहीर, बांध, स्मशानभूमी यांसारख्या खुणा हाही पुरावा मानला जातो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार विशिष्ट कागदाचाच आग्रह धरता येत नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्या जगण्यालाच साक्षीचा दर्जा देणारा असा कायदा आपल्याकडे विरळा.

तरीही या तरतुदींचा आधार किती नाजूक आहे हे २०१९ मध्ये दिसून आले. दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली. दावा फेटाळला जाणे म्हणजे हक्क नसणे असे नव्हे. तो कोणत्या कारणाने आणि कोणत्या पद्धतीने फेटाळला गेला, हे तपासणे हक्काच्या दृष्टीने आवश्यक असते.

८. संरक्षण : २०१७ ची फवारणी विषबाधा

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विषबाधितांची रीघ लागली होती. राज्य शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय कृषी मंत्रालय व महाराष्ट्र शासन यांना नोटीस बजावली.

त्या काळी सर्वत्र एक स्पष्टीकरण ऐकू येत होते : मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला कापड बांधले नाही, अनेक औषधे एकत्र मिसळली. हे वर्णन वस्तुस्थितीचे असेल, परंतु ते कारण होऊ शकत नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांत संरक्षक पोशाख, प्रशिक्षण व विषबाधेची सूचना यांविषयी तरतुदी आहेत. रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेऊन फवारणी करणारा मजूर औषध निवडत नाही, त्याची मात्रा ठरवीत नाही आणि डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना त्याच्यासाठी लिहिलेली नसते. फवारणीस नकार देणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी गमावणे होय. जेथे नकार देण्याची मुभा नसते तेथे निष्काळजीपणाचा दोष मजुरावर ठेवता येत नाही.

उत्पादक, विक्रेता व शेतमालक या साखळीवर नियंत्रण ठेवून मजुराच्या जिवाचे रक्षण करणे हेच येथे राज्याचे संरक्षणाचे कर्तव्य होते. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये देण्याचे जाहीर झाले. ते आवश्यकच होते. परंतु नुकसानभरपाई दिल्याने कर्तव्यभंगाची चौकशी संपत नाही. पुढे २०२० साली विषबाधितांच्या संघटनेने काही स्वयंसेवी संस्थांसह स्वित्झर्लंडमध्ये एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. यवतमाळच्या शेतमजुराचा प्रश्न मदतीच्या यादीतून निघून उत्तरदायित्वाच्या व्यासपीठावर गेला, ही बाब त्या तक्रारीच्या निर्णयापेक्षा वेगळ्या अर्थाने महत्त्वाची आहे.

९. परिपूर्ती : अन्न, काम व आधार

तिसऱ्या कर्तव्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास अभिमानास्पद आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली, तेव्हा मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे सुपुत्र वसंतराव नाईक होते. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कामाच्या हक्काला कायद्याचे रूप दिले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आपल्या वेतनातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेच्या निधीसाठी सुरू झाला, हे आपणा प्राध्यापकांपैकी अनेकांच्या लक्षात नसते.

२००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत यवतमाळ होता. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देण्याची त्याची तरतूद हक्काच्या भाषेचा उत्तम नमुना होती. परंतु भत्ता मिळण्यासाठी कामाच्या मागणीची दिनांकित पोच लागते आणि मजूर तोंडी काम मागून रिकाम्या हाताने परत जातो. येथेही हक्क अडतो तो एका कागदाच्या तुकड्यापाशीच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला असून कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. त्याची परीक्षाही दिवसांच्या संख्येवर न होता, काम न मिळाल्यास जबाबदार कोण, या प्रश्नावर होईल.

अन्नाच्या बाबतीत २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्याचा हक्क दिला. धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूदही केली. निराधारांच्या आधाराची स्थिती मात्र वेगळी आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांपर्यंत असावे, ही अट दीर्घकाळ होती. याचा अर्थ कुटुंबाचे उत्पन्न दिवसाला सुमारे ५८ रुपये असावे. २०० रुपये मजुरी धरली तर घरातील एकाच व्यक्तीने वर्षात १०५ दिवस काम केले, तरी ही मर्यादा गाठली जाते. अशा अटीमुळे विधवेला किंवा वृद्धाला जगण्यासाठी उत्पन्नाचा अवास्तव दाखला मिळवावा लागतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलावयास लावणारी अट ही मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत म्हणता येणार नाही.

१०. काही आक्षेप

पहिला आक्षेप साधनसामग्रीचा. राज्याजवळ पैसाच नसेल तर हक्क कोठून देणार? याचे उत्तर किमान गाभ्याच्या तत्त्वात आहे. शिवाय वर पाहिलेल्या उदाहरणांत अडचण प्रायः पैशाची नव्हती. वडीलधाऱ्याचे कथन पुरावा म्हणून स्वीकारण्यास किंवा कामाच्या मागणीची पोच देण्यास मोठा निधी लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, दारिद्र्याचे मूळ व्यसन, आळस व अज्ञान यांत आहे. आपल्या अध्यापक कक्षातही हा सूर अधूनमधून ऐकू येतो. व्यसनाने कुटुंबे उद्ध्वस्त होतात हे खरेच. परंतु सुस्थितीतील माणूस व्यसनी झाला म्हणून त्याचे रेशन, जमीन वा जगण्याचा हक्क कोणी तपासत नाही. ही नैतिक परीक्षा केवळ दरिद्री माणसाचीच घेतली जाते. हक्क हा सद्वर्तनाबद्दलचे बक्षीस नसतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हक्क कागदावरच राहत असतील तर त्यांचा उपयोग काय? मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ मधील व्याख्या जीवित, स्वातंत्र्य, समता व प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित आणि न्यायालयामार्फत अंमलबजावणी होऊ शकणाऱ्या हक्कांपुरती मर्यादित आहे. घटनेनंतर एक वर्ष उलटल्यास आयोगाला चौकशी करता येत नाही. पोडावरील कुटुंबाला आयोगाचे नाव कळेपर्यंतच ते वर्ष निघून जाते. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येईल की, कागदावर हक्क असल्यामुळेच तो न मिळाल्याचे दाखविता येते. अनुग्रहाच्या बाबतीत तेवढेही शक्य नसते.

११. महाविद्यालयांची भूमिका

या विश्लेषणातून आपल्या क्षेत्रापुरत्या काही सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ग्रामस्वच्छतेबरोबरच एका पोडाची, तांड्याची वा वस्तीची हक्क-पडताळणी करता येईल. कोणत्या कुटुंबाकडे शिधापत्रिका नाही, कोणाचा वनहक्क दावा कोणत्या कारणाने प्रलंबित वा अमान्य आहे, कोणत्या विधवेचा अर्ज तोंडी नाकारला गेला, याची नोंद विद्यार्थी सहज करू शकतात. ही नोंद करताना संबंधितांची संमती घेणे व त्यांची ओळख गुप्त ठेवणे आवश्यक आहे.

दुसरे असे की, प्रत्येक नकार लेखी मागण्याची सवय रुजविली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क असून, ती नाकारल्यास अपील करता येते. लेखी नकार हे अपिलाचे पहिले साधन होय. तिसरे, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व स्त्रिया विनामूल्य विधी सेवेस पात्र आहेत. महाविद्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्यात संपर्क असल्यास वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरांपर्यंत ही सेवा पोहोचू शकेल. अखेर, दरिद्री घरांतील विद्यार्थी आपल्या समोरच्या बाकांवर बसलेले असतात. दारिद्र्याचे प्रकरण शिकविताना त्यांना 'ते' म्हणून संबोधले जाणार नाही, एवढी काळजी तरी आपण घेऊ शकतो.

१२. समारोप

आत्यंतिक दारिद्र्य हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, असे म्हणण्याने दारिद्र्याच्या आकडेवारीत लगेच बदल होत नाही. बदल होतो तो प्रश्नाच्या दिशेत. 'हा माणूस मदतीस पात्र आहे काय?' असे विचारण्याऐवजी 'या माणसाप्रती असलेले कर्तव्य कोणी पार पाडले नाही?' असे विचारले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील सातबारा नसलेला मक्तेदार शेतकरी, जबरानजोत करणारा कोलाम, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मजूर आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालणारी विधवा या सर्वांना एकच गोष्ट नाकारली गेली. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची तयारी कोणी दाखविली नाही. वनहक्क कायद्याने जो मार्ग दाखविला, तो इतर योजनांनाही लागू करता येण्यासारखा आहे. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला शोधून काढणे, त्याच्या स्थितीची नोंद स्वतः करणे आणि नाकारावयाचे असल्यास त्याचे कारण लेखी देणे, हे काम शासनाचे आहे. असे झाले तर 'लाभार्थी' हा शब्द मागे पडून 'हक्कदार' हा शब्द सरकारी दप्तरात येईल आणि त्या शब्दासोबत जाब विचारण्याचा अधिकारही येईल.